परिशिष्टात ठेवलेला आकडा

"एकही बदल नाही, मॅडम. दोन्ही ड्राफ्ट जसेच्या तसे मंजूर," कुणाल म्हणाला आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

गुरुवारची सकाळ. परळच्या टॉवरमधली अठराव्या मजल्यावरची कॉन्फरन्स रूम. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण क्लायंट मसुद्यात एकही बदल सुचवत नाही, हे माझ्या आयुष्यात याआधी कधी घडलं नव्हतं. लोक निदान एखादा स्वल्पविराम तरी हलवतात, आपण वाचलंय हे दाखवायला. मला उगाचच कसंतरी व्हायला लागलं.

माझं काम थोडक्यात सांगते. मी तीस वर्षं सरकारी नोकरीत कायद्यांचे मसुदे लिहिले. वरचे सांगतात काय हवंय, मसुदाकार ते कलमांत बसवून देतो. कापड त्यांचं, मापं त्यांची, शिवण आमची. कापड चांगलं की वाईट ते बोलायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. रिटायर झाल्यावर कुणालच्या लॉ फर्मने मला सल्लागार म्हणून घेतलं. हा टॉवर उभा आहे त्या जागेवर पूर्वी गिरणी होती आणि तिथे माझे सासरे साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. त्याच जमिनीवर सून दुसऱ्या देशांची संविधानं लिहिते, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझा ताप बघितला असता.

देशाचं नाव लिहिणार नाही, तसं कागदावर लिहून दिलंय. छोटा देश. चार बेटं, चार जमाती, चार भाषा. सगळ्यात मोठ्या बेटावरची जमात एकटीच लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त, पण संसदेत तिच्या जागा निम्म्याहून थोड्या कमी. नवं संविधान करायला त्यांनी नऊ जणांचं कमिशन नेमलं होतं. त्यांना दोन मसुदे हवे होते, 'अ' आणि 'ब'. शेवटच्या बैठकीसाठी ते सगळे मुंबईत आमच्याच ऑफिसात आले होते.

'अ' म्हणजे आपल्यासारखी संसदीय पद्धत. लोक खासदार निवडतात, खासदारांचं बहुमत ज्याच्या मागे तो पंतप्रधान. बहुमत गेलं की खुर्ची गेली. 'ब' म्हणजे अध्यक्षीय पद्धत. लोक थेट एका माणसाला पाच वर्षांसाठी निवडतात, मग संसद रुसली तरी तो जागेवर.

यात त्यांची अडचण अशी होती. आत्ता त्यांच्याकडे 'अ' होतं आणि सरकारं सारखी पडत होती. 'ब' आणलं तर मोठ्या बेटाचा माणूस बाकी तिघांकडे ढुंकूनही न बघता निवडून आला असता. म्हणून मी 'ब'मध्ये एक कुंपण घातलं होतं. राष्ट्राध्यक्ष व्हायला नुसती जास्त मतं चालणार नाहीत. चारही बेटांवर ठरावीक वाटा मिळाला पाहिजे. तो वाटा किती, हे परिशिष्टात. तिथे लिहिलं होतं, प्रत्येक बेटावर मतांचा किमान चौथा हिस्सा.

कमिशनचे सेक्रेटरी मिस्टर डॅनियल स्वतः वकील. मोठ्या बेटाचे. गोड बोलणारे, आणि पहिल्या दिवसापासून 'ब'च्या बाजूचे. "मिसेस परब, जगाला बोलायला एक माणूस लागतो. एक माणूस, एक फोन नंबर," असं ते येताजाता म्हणायचे. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे मी मराठीत देते आहे.

आणि तेरेसा. सगळ्यात लहान बेटाची प्रतिनिधी, शाळेची हेडमिस्ट्रेस. त्या बेटावर इतकी कमी माणसं की सगळी मिळून आमच्या दादरच्या दोन-चार गल्ल्या भरतील. कमिशनमध्ये चार मतं 'अ'ला, चार 'ब'ला, आणि नववं हिचं. मतदान दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी.

त्या सकाळी चहाच्या मशीनपाशी तिने मला गाठलं.

"मी आयुष्यभर 'अ'वाली होते," ती म्हणाली. "पण आमच्या शाळेची इमारत सात वर्षं अर्धवट उभी आहे. सरकार पडतं, नवा मंत्री येतो, फाइल पहिल्या पानापासून. आता थकले मी. तुमचं ते चौथ्या हिश्श्याचं कलम वाचलं. त्याच्या भरवशावर उद्या 'ब'ला मत देणार."

मी हसून थँक्यू म्हणाले. त्या थँक्यूची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो.

दुपारभर काहीतरी खुपत राहिलं. मसुदा दोनदा उघडला, दोनदा बंद केला. सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळी सहाला घरी आले तर हॉलमध्ये प्रकाशभाऊजी बसलेले, माझे धाकटे दीर. आमचे मिस्टर त्यांना चहा देत होते.

भाऊजी अजून चिंचपोकळीच्या जुन्या चाळीत राहतात. तिथल्या चार चाळींचा मिळून एक रहिवासी संघ आहे. तीन चाळी आम्हा कोकणातल्या लोकांच्या, चौथी छोटी, तेलुगू कुटुंबांची. त्यांचे आजोबा-पणजोबाही साच्यांवर काम करायला आले होते. संघाला रीतसर घटना आहे, आणि अध्यक्षपद दरवर्षी एकेका चाळीकडे पाळीने जातं. म्हणजे जायचं.

"वहिनी, एक दोन ओळींचं पत्र पायजे," भाऊजींनी फाइल पुढे केली. "रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू झाली ना. बिल्डरचा वकील म्हणतो, तुमचा अध्यक्ष नियमानुसार निवडलाय असं कोणा जाणकाराकडून लिहून आणा."

"अध्यक्ष कोण? यंदा चौथ्या चाळीची पाळी ना? अंजय्याअण्णा?"

"नाय ओ. पाळीबिळी काढली. दर वर्षाला नवा माणूस, बिल्डर बोलणार कोणाशी? आता चारही चाळींनी मिळून थेट एकच अध्यक्ष, पाच वर्षांसाठी. रविवारी मीटिंग झाली." भाऊजी जरा लाजले. "मी आलो निवडून."

"पाळीचा नियम असा रविवारी काढता येतो? तो घटनेत आहे."

"घटनेत नाय, परिशिष्टात. ते साध्या बहुमताने बदलता येतं. कलम सतरा वाचा. मी पण वाचलं ना, उगाच नाय आलो."

मी चष्मा लावला. कलम सतरा: परिशिष्टात फेरबदल करावयाचा झाल्यास तो उपस्थित सभासदांच्या साध्या बहुमताने करता येईल.

"कुणी लिहिलंय हे?" मी चिडून विचारलं.

भाऊजी हसले. "तुम्हीच ओ. बारा वर्षं झाली. मागे तुमचीच सही हाय."

सही माझीच होती. पण माझं लक्ष सहीवर नव्हतं, त्या वाक्यावर होतं. हेच वाक्य, इंग्रजीत, देशाच्या 'ब' मसुद्यात कलम चौऱ्याण्णव म्हणून मीच घातलेलं होतं.

हे कसं झालं, ते सांगायला हवं. कायद्यात आकडे, दर, गावांच्या याद्या असं वरचेवर बदलणारं सगळं मागे परिशिष्टात टाकतात. फी दहाची पंधरा करायची तर अख्खा कायदा उघडायला नको. म्हणून परिशिष्ट बदलायची वाट मुद्दाम सोपी ठेवतात. तीस वर्षांत ते वाक्य हाताला इतकं बसलं होतं की लिहिताना डोकं लागायचं नाही. चौथा हिस्सा हा आकडा होता, म्हणून हात आपोआप परिशिष्टाकडे गेला. त्या आकड्यावर एका बेटाची माणसं जगणार होती, हे हाताला माहीत नव्हतं. आणि अध्यक्षाच्या पाळीची यादी ही यादी होती, म्हणून तीही तिथेच. एकच चूक बारा वर्षांच्या अंतराने मी दोनदा केली होती, आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

भाऊजींना म्हटलं, फाइल राहू द्या, दोन दिवसांनी बघते. ते गेल्यावर मी कुणालला फोन लावला. उचलला नाही. भाजी चिरायला घेतली, अर्धी टाकून उठले. हॉलमधून गॅलरी, गॅलरीतून हॉल.

"चपला तरी काढ," मिस्टर म्हणाले. मला घरी येऊन तास झाला होता, चपला पायातच होत्या.

शुक्रवारी नऊला मी ऑफिसात. कुणाल कॉफी घेऊन आला तो मला बघून थबकला. कुणाल फर्मचा पार्टनर, वयाने माझ्या मुलाएवढा. गिरगावात वाढलेला गुजराती, मराठी माझ्यापेक्षा वेगात बोलतो. मी त्याला चौऱ्याण्णव दाखवलं.

त्याने वाचलं. "ही चूक नाही मॅडम, स्टाइल आहे. आकडे परिशिष्टात, शेड्यूलमध्येच जातात. तुम्हीच शिकवलंत मला."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

"फीचे आकडे जातात. हा फीचा आकडा नाही. निवडून आल्याच्या दुसऱ्या महिन्यात ते हा चौथा हिस्सा काढून टाकू शकतात. नियमाप्रमाणे."

"आपला क्लायंट कोण? कमिशन. त्यांनी ओके केलंय. आता मतदानाच्या दिवशी आपण जाऊन सांगायचं की आमचं चुकलं? फर्मचं काय राहील?"

"डॅनियलना हे कलम दिसलं असेल?"

कुणालने कॉफीचा कप गोल फिरवला. "ते वकील आहेत, मॅडम."

मी म्हटलं, आमच्या जुन्या खात्यात एक रीत होती. मसुदा शेवटी हातावेगळा करण्याआधी एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, काही गाळायचं नाही. तेवढं वाचन मला करू दे.

"वाचा," तो नाइलाजाने म्हणाला. "पण मत देऊ नका. प्लीज. 'अ' बरा की 'ब' बरा, एक शब्द नाही."

मी कबूल केलं.

अकराला नऊही जण टेबलाभोवती बसले. मिस्टर डॅनियलना वाचन वगैरे नको होतं. "सगळ्यांनी वाचलंय," ते म्हणाले. पण तेरेसा म्हणाली, "शाळेत आम्ही मोठ्यानेच वाचून घेतो, वाचू द्या." मी वाचायला लागले. 'अ' संपलं, 'ब' आलं. दोन तास गेले. कुणी जांभया देतंय, कुणी फोन बघतंय. तेरेसा मात्र शब्दाशब्दावर बोट ठेवून. चौऱ्याण्णव आलं. मी ते हळू वाचलं. तिचं बोट त्यावरून सरकलं आणि पुढे गेलं.

तिला कळलं नाही. कसं कळणार? ते वाक्य लिहिलंच जातं असं, की कुणाचं लक्ष जाऊ नये.

पुढचं पान उलटलं असतं तर सगळे जेवायला गेले असते, माझी फी, माझं नाव, कुणालची फर्म, सगळं सुखरूप. मत देऊ नका असं कुणाल म्हणाला होता. चूक सांगू नका असं म्हणाला नव्हता.

"इथे माझी चूक झाली आहे," मी म्हणाले.

कुणाल उठून एसीचा रिमोट शोधायला लागला.

"चौथ्या हिश्श्याचा नियम मी परिशिष्टात ठेवला. आणि या कलमानुसार परिशिष्ट हजर सदस्यांच्या साध्या बहुमताने बदलता येतं."

"तांत्रिक बाब आहे," मिस्टर डॅनियल म्हणाले. "नंतर बघता येईल."

तेरेसाने बोट मागे आणून ती ओळ परत वाचली. "साधं बहुमत म्हणजे किती हात?"

"तुमची संसद साठ जणांची. सभा चालवायला वीस जण पुरतात. वीस हजर असले तर अकरा."

"अकरा," ती म्हणाली आणि समोरच्या कागदावर अकरा लिहून त्याभोवती गोल काढला. मोठ्या बेटाचे अकराहून कितीतरी जास्त सदस्य असणार, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती.

"असं कुणी करणार नाही," मिस्टर डॅनियल म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहणारी माणसं आहोत. तुम्ही आमच्या लोकांवर संशय घेताय."

"माझ्या धाकट्या दिराने गेल्या रविवारी हेच केलं," मी म्हणाले. "तो चांगला माणूस आहे. माझ्याच कलमाचा आधार घेऊन केलं." आणि मी त्यांना चार चाळींची गोष्ट सांगितली, चिंचपोकळी कुठे आहे ते न सांगता.

तेरेसाने विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असतात तर काय घेतलं असतंत?"

कुणालने माझ्याकडे असं बघितलं की मला त्याची दया आली.

"ते मी सांगू शकत नाही. एवढंच सांगते. 'ब'मध्ये राष्ट्राध्यक्षाला पाच वर्षांतून एकदा तुमच्या दारात यावं लागेल, तेही आकडा जागेवर राहिला तर. 'अ'मध्ये तुमचे तीन खासदार पंतप्रधानाला रोज लागतील. पण तेच तिघं रोज रुसूही शकतात. मग तुमची शाळा अर्धवट राहील. दोन्हीकडे भोकं आहेत. मी फक्त माझ्या हाताने पडलेलं दाखवलं."

मतदान पुढे ढकललं गेलं. पुढचे दोन दिवस बसून मी चौथा हिस्सा परिशिष्टातून उचलला, मुख्य कलमात आणला, आणि तो बदलायला चारही बेटांचा वेगवेगळा होकार लागेल असं लिहिलं. तेरेसाने 'अ'मध्येही एक भर मागितली: नवा पंतप्रधान कोण हे त्याच मतदानात ठरल्याशिवाय जुना पाडायचा नाही. ती घातली. मिस्टर डॅनियल निघताना सगळ्यांशी हात मिळवून गेले, माझ्याशी सोडून. पुढचं काम त्यांनी दुसऱ्या फर्मला दिलं. कुणालने ते मला लिफ्टमध्ये सांगितलं आणि वर म्हणाला, "जाऊ दे मॅडम, तुमच्यामुळे झोप तरी लागली." तो बरा मुलगा आहे.

महिन्याभराने तेरेसाची मेल आली. पाचास चार, 'अ', नव्या भरीसकट. पाचवं मत तिचं. खाली लिहिलं होतं, शाळेला अजून छप्पर नाही, पण मंत्री दोनदा येऊन बघून गेले.

देशाचा मसुदा अजून कच्चा होता, म्हणून सावरता आला. चाळीची घटना बारा वर्षं लागू होती. भाऊजींना पत्र मी दिलं. निवड नियमानुसार झाली होती, तो नियम मी लिहिला होता, काय नाकारणार? मात्र त्याच पत्रात हेही लिहिलं, की पाळीचा नियम परिशिष्टात ठेवणं ही लिहिणारीची चूक होती. भाऊजी नाराज झाले. "वहिनी, तुम्ही बाहेरच्या देशांचं बघा ओ," म्हणाले.

मग मी चौथ्या चाळीत गेले. अंजय्याअण्णा तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही नुसतं लिहिलं," ते म्हणाले. "हात तर शेजाऱ्यांनी वर केले ना. चाळीस वर्षं आम्ही एका नळावर पाणी भरलं. आता पोरं विचारतात, आपण इथे पाहुणे आहोत काय. काय सांगू त्यांना?"

तो जिना उतरताना मला जितकी लाज वाटली तितकी नोकरीत कधी वाटली नव्हती. चूक कागदावर असते असं मी तीस वर्षं समजत होते.

चार महिने भाऊजींचा फोन नाही. बातम्या मिस्टरांकडून कळत होत्या. बिल्डरला चारही चाळींच्या संमतीपत्रांची एकच फाइल हवी होती, कारण चौथी चाळ बरोबर गेटच्या तोंडाशी आहे, ती सोडून आत ट्रक शिरत नाही. तीन चाळींच्या सह्या आठवड्यात झाल्या. चौथीची एकही नाही. भांडण नाही, निषेध नाही. भाऊजी रोज संध्याकाळी कागद घेऊन तीन मजले चढायचे. अण्णा खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे, तब्येतीची चौकशी करायचे. सही द्यायचे नाहीत. पाच वर्षांचा थेट निवडलेला अध्यक्ष, एक माणूस, एक फोन नंबर, आणि रोज त्याच दारात. मला तेरेसाचे तीन खासदार आठवायचे.

या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. कुठलाही मसुदा हातात आला की बदल कसा करायचा ते कलम आधी वाचते, बाकीचं नंतर. आणि क्लायंट फारच खूश असला तर दोनदा वाचते.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बेल वाजली. भाऊजी. पोट जरा उतरलेलं, जिन्यांनी असेल. हातात तीच फाइल.

"वहिनी, पाळी परत घालायची. सगळ्यांचं ठरलं. यंदा अण्णा अध्यक्ष, मी राजीनामा दिला. अण्णा म्हणाले, लिहून मात्र वहिनींकडूनच आणा."

मी चहा टाकला आणि तिथेच जेवणाच्या टेबलावर लिहायला बसले. पाळीचा नियम मुख्य घटनेत, कलम चार. बदलायचा झाल्यास चारही चाळींची स्वतंत्र सभा, प्रत्येक सभेचा होकार. मग शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊजी बोट ठेवून ऐकत होते.

"मग आता परिशिष्टात काय ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"जिन्यातले दिवे किती वाजता लावायचे, ते ठेवा," मी म्हणाले.